स्पेनची लोकगीते : प्रीती, संशय आणि मृत्यू

स्पेनमधील प्रेम आणि मत्सर म्हटले, की पुष्कळांना प्रथम 'कार्मेन' आठवते. केसांत फूल खोवलेली स्वच्छंद तरुणी, तिच्यापायी नोकरी आणि अब्रू गमावलेला शिपाई, आणि अखेरीस त्याच्या हातातला सुरा. ही कथा घडते सेव्हिल शहरात खरी. पण तिचा मूळ लेखक मेरिमे हा फ्रेंच आणि तिच्यावर १८७५ साली संगीतिका रचणारा बिझे हाही फ्रेंचच. त्या संगीतिकेतील शिपाई आपले जळणे मोठ्या आवाजात गाऊन सांगतो. स्पेनच्या खेड्यापाड्यांतून पाचशे वर्षे गायिली गेलेली गीते मात्र वेगळ्या जातीची आहेत. त्यांतील संशयी नवरा स्वतःच्या मनाविषयी अवाक्षर काढीत नाही. तो दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, खाली खिंकाळला तो घोडा कुणाचा?

हा प्रश्न आणि त्याच्यामागची शांतता हाच ह्या गीतांचा प्राण आहे, असे मला वाटते. प्रेम, संशय आणि मृत्यू ह्या तीन गोष्टी त्यांत पुन्हा पुन्हा येतात. पण कोणाच्या मनात काय चालले होते हे गीत सांगत नाही. ते फक्त कृती सांगते आणि तोंडातून निघालेले शब्द सांगते. न्याय करावयाचे काम ऐकणाऱ्यावर सोपवून देते. असे का होते आणि त्यातून काय साधते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा केला पाहिजे. आपण 'मत्सर' म्हणतो तेव्हा त्यात दुसऱ्याच्या भाग्याविषयीचा हेवाही येतो. स्पॅनिशमध्ये त्याला वेगळा शब्द आहे. प्रेमातल्या मत्सराला तिथे 'सेलोस' म्हणतात, आणि गंमत अशी, की ह्या अर्थाने हा शब्द नेहमी अनेकवचनीच वापरतात. त्याचेच एकवचन 'सेलो' म्हणजे आस्था, काळजीपूर्वक केलेली राखण. राखणीच्या भावनेतूनच संशय जन्मतो हे भाषेनेच नोंदवून ठेवले आहे. ह्याच शब्दापासून 'सेलोसिया' हे खिडकीच्या लाकडी जाळीचे नाव झाले. आतल्या बाईला बाहेरचे दिसावे, बाहेरच्यांना ती दिसू नये, अशी ही जाळी. मनातील विकाराचे नाव घराच्या खिडकीला लाभावे, ह्यावरून त्या समाजाची घडी ध्यानात येईल.

दुसरा शब्द 'रोमान्स'. आज त्याचा अर्थ प्रेमप्रकरण असा झाला आहे. जुन्या स्पेनमध्ये मात्र लॅटिन सोडून लोकभाषेत रचलेले ते रोमान्स, आणि पुढे एका विशिष्ट प्रकारच्या कथागीताला ते नाव चिकटले. ह्या कथागीताचे चरण सामान्यतः आठ अक्षरावयवांचे असतात. यमक फक्त सम चरणांना, आणि तेही पुरे यमक नव्हे. स्वर जुळले म्हणजे झाले, व्यंजने कोणतीही चालतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर 'वारा', 'माळा', 'गावा' हे शब्द ह्या पद्धतीने एकमेकांशी जुळतील. एकच स्वरजोडी गीताच्या आरंभापासून अखेरपर्यंत धरून ठेवतात. त्यामुळे गाणे पाठ राहण्यास सोपे जाते आणि लांबच्या घंटेसारखा एकच नाद कानात घुमत राहतो.

ही गीते पंधराव्या-सोळाव्या शतकांत दरबारातही गायिली जात, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास अँटवर्प येथे त्यांचे संग्रह छापले गेले. पुढे विद्वानांची समजूत अशी झाली होती, की निदान कास्तिल प्रांतात तरी ही परंपरा मरून गेली. १९०० साली रामोन मेनेन्देस पिदाल आणि मारिया गोइरी हे तरुण दांपत्य विवाहानंतरच्या प्रवासात वीर सीद याच्या मार्गाचा मागोवा घेत हिंडत होते. बुर्गो दे ओस्मा ह्या गावी एका धोबिणीने त्यांना एक गीत म्हणून दाखविले. ते ऐकता ऐकता गोइरीबाईंच्या ध्यानात आले, की हे तर राजपुत्र हुआन याच्या मृत्यूचे गीत. फर्नांदो आणि इसाबेल ह्या राजाराणीचा हा एकुलता एक मुलगा विवाहानंतर थोड्याच महिन्यांनी, १४९७ मध्ये वारला. कोणत्याही ग्रंथात न आलेले ते गीत चारशे वर्षे लोकांच्या ओठांवर राहिले होते. त्या दिवसापासून उभयतांनी हा संग्रह हाती घेतला आणि जन्मभर चालविला. त्यांना आणि त्यांच्या मागून गेलेल्या संग्राहकांना ही गीते मिळाली ती बहुतांशी स्त्रियांच्या तोंडून. कपडे धुताना, सूत कातताना, मूल निजविताना म्हटलेली. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिचे महत्त्व कळेल.

आता त्या दारातल्या प्रश्नाकडे वळू. 'ब्लांका निन्या', म्हणजे गोरी पोर, ह्या नावाने ओळखले जाणारे हे गीत १५५० च्या अँटवर्प संग्रहात आहे. एक तरुण सरदार एका विवाहित स्त्रीच्या रूपाची स्तुती करतो. तिचा नवरा शिकारीला डोंगरात गेलेला असतो. ती त्याला निर्धास्तपणे थांबावयास सांगते आणि नवऱ्याच्या कुत्र्यांना, ससाण्याला शापही देऊन टाकते. एवढ्यात नवरा परत येतो. काय करतेस, असे विचारतो. केस विंचरते आहे, ती म्हणते, तुम्ही मला एकटी टाकून डोंगरात जाता म्हणून दुःखाने. मग प्रश्न सुरू होतात. घोडा कुणाचा? माझ्या वडिलांनी तुमच्यासाठी पाठविला. ओटीवरची शस्त्रे कुणाची? माझ्या भावाने तुम्हांला धाडली. आणि तो भाला कुणाचा? येथे तिची उत्तरे संपतात. घ्या तो भाला, ती म्हणते, आणि मला मारा. ह्या मरणाला मी पात्र आहे.

गीत येथेच थांबते. भाला उचलला की नाही, हे आपणांस सांगितलेले नाही. नवरा रागावला होता, त्याचे प्रेम होते, तो थरथरत होता, ह्यांतले काहीही नाही. तीन प्रश्न आणि तीन उत्तरे. जुन्या पाठात प्रत्येक सम चरणाची अखेर 'ओ' ह्या एकाच स्वरावर होते, त्यामुळे प्रश्नही त्याच नादात आणि उत्तरही त्याच नादात. घोडा, शस्त्रे, भाला ही चढती पायरी पाहा. घोडा अंगणात, शस्त्रे ओटीवर, आणि भाला म्हणजे साक्षात मृत्यू हाताशी. प्रश्नागणिक मरण एक पाऊल आत येते. उत्तर दोघांनाही पहिल्या प्रश्नापासूनच ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रसंग इतका भयंकर होतो. हीच प्रश्नोत्तरे स्कॉटलंडच्या एका लोकगीतात हास्यासाठी वापरली आहेत. तिथे बायको प्रत्येक वेळी काहीतरी विलक्षण थाप मारते आणि दारू प्यालेला नवरा ती ऐकून घेतो. एकाच सांगाड्यावर एका देशाने हसू उभारले, दुसऱ्याने मरण.

ह्याच कुळातले दुसरे गीत 'बेर्नाल फ्रान्सेस'. ग्रानादाच्या युद्धात ह्या नावाचा एक कप्तान होऊन गेला. गीतात तो प्रियकर झाला आहे. रात्री दार वाजते. कोण, असे बाई विचारते. बेर्नाल फ्रान्सेस, असे उत्तर येते. ती दार उघडते तोच दिवा विझतो. अंधारातच ती पाहुण्याचे आतिथ्य करते, त्याला शेजारी निजविते. पण तो बोलत नाही, तिच्याकडे वळत नाही. ती कारण विचारीत जाते. नोकरांची भीती वाटते? माझ्या नवऱ्याची? तो तर दूर देशी आहे. तेव्हा उत्तर मिळते, की तुझ्या नवऱ्याचे मला भय नाही, तो तुझ्या शेजारीच आहे. सकाळी तुला तांबडा झगा शिवीन. तो झगा कशाचा हे ऐकणारा समजतो. येथे प्रश्नांची दिशा उलटली आहे. विचारते ती, आणि गप्प आहे तो. गीताने संशयाला चेहरा न देता फक्त अंधार आणि मौन दिले. पुढे हे गीत अमेरिका खंडात गेले आणि मेक्सिकोत 'एलेना' ह्या नावाने रुजले; तिथे तर प्रियकराच्या नावातला 'फ्रान्सेस' हा शब्द घेऊन लोकांनी त्याला खराखुरा फ्रेंच मनुष्य करून टाकले.

ह्या गीतांना आधार होता तो 'ओन्रा', म्हणजे घराण्याची अब्रू, ह्या कल्पनेचा. नवऱ्याची अब्रू बायकोच्या वागणुकीत ठेवलेली असे, आणि ती गेली असे नुसते लोकांना वाटले तरी पुरे होते. सतराव्या शतकात काल्देरोनने 'आपल्या अब्रूचा वैद्य' ह्या अर्थाच्या नावाचे नाटक लिहिले. त्यातील नवरा केवळ संशयावरून निरपराध बायकोची शीर एका रक्त काढणाऱ्या न्हाव्याकडून उघडवून तिला मारतो, आणि राजा हे जाणूनही त्याचा दुसरा विवाह लावून देतो. हे नाटकापुरते होते असे कुणी समजू नये. स्पेनच्या १८४८ आणि १८७० च्या दंडसंहितांत असे कलम होते, की पत्नीला व्यभिचार करताना पकडून नवऱ्याने जागच्या जागी तिला किंवा त्या पुरुषाला ठार मारले, तर त्याला शिक्षा फक्त त्या ठिकाणाहून काही काळ दूर राहण्याची. पत्नीला अशी सवलत नव्हती. प्रजासत्ताकाने १९३२ मध्ये ते कलम काढले, फ्रांकोच्या राजवटीने १९४४ मध्ये परत आणले, आणि १९६३ च्या सुधारित संहितेतून ते कायमचे गेले. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, भाला कुणाचा ह्या प्रश्नाला कायद्याचाही पाठिंबा होता.

मग असा प्रश्न उभा राहतो, की ही गीते ह्या कायद्याची तरफदारी करतात काय? पुष्कळांनी त्यांना स्त्रियांना दिलेली ताकीद म्हणून वाचले आहे, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. पण ती गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, हे आपण मघाशी पाहिले. पुरुषांनी लिहिलेल्या नाटकात शेवटचा शब्द नवऱ्याचा आणि राजाचा असतो. 'ब्लांका निन्या'मध्ये शेवटचा शब्द तिचा आहे. गाणारी ते म्हणते तेव्हा नवऱ्याचे प्रश्न तिच्याच गळ्यातून निघतात, उत्तरेही तिच्याच गळ्यातून निघतात, आणि भाल्यापुढे उभी राहून ती थांबते. गीत गुन्ह्याला गुन्हा म्हणते, क्षमा मागत नाही. तरी ऐकणाऱ्याचे मन कुणापाशी थांबते, हे सांगावयास नको.

'कोन्दे आलार्कोस' ह्या गीतात तर हा कल उघड होतो. येथे मत्सर राजकन्येचा आहे. सरदार आलार्कोसने पूर्वी तिला वचन दिले होते आणि मग दुसरीशी लग्न केले, अशी तक्रार ती बापाकडे करते. राजा आपली अब्रू राखण्यासाठी आलार्कोसला हुकूम देतो, की बायकोला मारून टाक. सरदाराचे बायकोवर प्रेम आहे. तो घरी येऊन रडतो, जेवणावर बसतो, घास उतरत नाही. ती कारण विचारते. अखेरीस तो सांगतो. मला माहेरी धाडा, ती म्हणते. ते चालणार नसते. ती तान्ह्या मुलाला शेवटचे पाजते. नवऱ्याला ती क्षमा करते, पण राजाला आणि राजकन्येला तीस दिवसांच्या आत देवाच्या न्यायासनापुढे हजर होण्याचे फर्मान सोडते. मुदतीच्या आत राजकन्या मरते, राजा मरतो आणि क्षमा मिळालेला सरदारही मरतो. जिला इहलोकी कोणतेच न्यायालय मोकळे नव्हते, तिने वरच्या न्यायालयात फिर्याद नोंदविली आणि जिंकली. ह्या गीताची लोकप्रियता शतकानुशतके टिकली ती ह्या तीस दिवसांमुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रेम मरणाला पुरून उरते, असे सांगणारीही गीते आहेत. 'कोन्दे ओलिनोस' हा सेंट जॉनच्या दिवशी पहाटे घोड्याला पाणी पाजावयास समुद्रकाठी येतो आणि गातो. राणी मुलीला म्हणते, ऐक, ही जलपरी गाते आहे. मुलगी म्हणते, जलपरी नव्हे, तो ओलिनोस, आणि तो माझ्यासाठी झुरतो आहे. ह्या एका भोळ्या वाक्याने ती त्याचा जीव घालविते. राणी त्याला मारविते, मुलगीही मरते. दोघांच्या थडग्यांवर झाडे उगवतात आणि त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडतात. राणी ती तोडविते, तर त्यांतून पाखरे उडतात. काही गावी गाणाऱ्या येथेच थांबतात. काही गावी पाखरांच्या पुढेही रूपांतरे होत राहतात. राणीला इतका द्वेष का, ह्याचे कारण बहुतेक पाठांत पुरतेपणी दिलेलेच नाही.

कारण न देणे हा ह्या परंपरेचा दोष नव्हे. ती तिची रीत आहे. मेनेन्देस पिदाल ह्यांनी दाखवून दिले, की पुष्कळ गीतांचा आरंभ आणि अखेर पिढ्यांच्या घर्षणाने झिजून गेली, आणि मधला प्रसंग तेवढा लखलखीत उरला. गाणाऱ्यांनी सांगता येण्याजोगे गाळले आणि ऐकवण्याजोगे ठेवले. ह्या रिकाम्या जागेची ताकद लोपे दे वेगाने ओळखली होती. १५२१ साली मेदिनाहून ओल्मेदोच्या वाटेवर हुआन दे विवेरो नावाच्या सरदाराचा खून झाला. त्यावरून चार ओळींचे एक गाणे लोकांत फिरू लागले. त्यात रात्री मारल्या गेलेल्या सरदारासाठी शोक आहे, खुनाचे कारण नाही. शंभर वर्षांनी लोपेने 'ओल्मेदोचा सरदार' ह्या नाटकात ती जागा प्रेम आणि मत्सर ह्यांनी भरली. त्या नाटकात नायक अंधारातून एकटा घरी निघाला असता एक शेतकरी तेच गाणे म्हणत जवळून जातो. जिवंत माणूस स्वतःच्या खुनावरचे गाणे ऐकतो, आणि ते भूतकाळात रचलेले असते! पुढे वाटेवर त्याचा प्रतिस्पर्धी दबा धरून बसलेला आहे.

आतापर्यंतचा प्रवाह उत्तरेचा आणि मधल्या पठाराचा. दक्षिणेस आन्दालुसियात गेले, की कथा गळून पडते आणि एकट्या माणसाचा स्वर उरतो. तिथले गीत म्हणजे 'कोप्ला', तीन-चार ओळींचे. 'सोलेआ' ह्या प्रकारात तीनच ओळी. त्याचे नाव एकटेपण ह्या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. 'सिगिरिया'च्या चार ओळींपैकी तिसरी इतरांपेक्षा लांब असते, जणू हुंदका तिथे लांबतो. गायक शब्दांपूर्वी नुसत्या 'आय' ह्या उद्गाराने स्वर लावतो आणि ऐकणाऱ्याला दुःख आधी कळते, कारण मागाहून. कारण तरी किती? तू दुसऱ्याकडे पाहिलेस, आईने सांगितले ते मी ऐकले नाही, तुझ्या दारावरून मी गेलो, एवढेच. रोमान्समध्ये संशय बाहेरून दिसत होता. येथे तो आतून बोलतो. पण येथेही हकीगत नाही, फक्त तिचा शेवट आहे.

हे गायन कॉफीगृहांच्या रंगमंचावर चढून बाजारी होत चालले, अशी तळमळ वाटून मान्वेल दे फाया हा संगीतकार आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का ह्यांनी इतरांच्या साहाय्याने १९२२ च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आलाम्ब्रा किल्ल्यात 'कान्ते होन्दो', म्हणजे खोल गायन, याची स्पर्धा भरविली. धंदेवाईक गायकांना तीत मज्जाव होता. बक्षीस मिळविणाऱ्यांत दिएगो बेर्मुदेस हा वृद्ध गायक होता आणि पुढे मानोलो काराकोल ह्या नावाने गाजलेला एक लहान मुलगाही होता. फायाने त्यापूर्वीच सात स्पॅनिश लोकगीतांना पियानोची साथ रचली होती. ती १९१५ साली माद्रिदमध्ये प्रथम गायिली गेली. त्यांतील शेवटच्या गीतातली स्त्री म्हणते, की माझ्या छातीत एक दुःख आहे आणि ते मी कुणालाही सांगणार नाही. आणि प्रेमाला शाप देते. पुन्हा तेच. दुःख आहे हे सांगावयाचे, काय आहे ते सांगावयाचे नाही.

शेवटी एक उदाहरण, ज्यात संशय नाही, केवळ प्रेम आणि मृत्यू आहे. एक फार जुने गीत असे, की परदेशाहून आलेला सरदार वाटेत भेटलेल्या यात्रेकरूकडून ऐकतो, तुझी प्रिया मेली, तिला पुरताना मी पाहिली. १८७८ च्या जानेवारीत बाराव्या आल्फोन्सो राजाने आपली मावसबहीण मेर्सेदेस हिच्याशी प्रेमविवाह केला आणि जूनमध्ये, अठरावे वर्ष पुरे झाल्यावर दोनच दिवसांनी, ती वारली. माद्रिदच्या लोकांनी नवे गीत शोधीत बसण्याऐवजी ते जुनेच गीत घेतले आणि सरदाराच्या जागी आल्फोन्सोचे नाव घातले. मग लहान मुली फेर धरून ते म्हणू लागल्या, आणि विसाव्या शतकात ते शाळांच्या अंगणांतून ऐकू येत असे. राजाच्या मनाला काय वाटले हे त्यात नाही. तू कुठे चाललास, एवढा प्रश्न आहे, आणि ती मेली, एवढे उत्तर.

गीत प्रश्न विचारते आणि बाजूला होते. प्रश्नाची धग मात्र उरते. ज्या कलमाने भाल्याला सूट दिली होती ते १९६३ साली रद्द झाले आणि दंडसंहितेच्या जुन्या प्रतींत पडून राहिले. ब्लांका निन्याचे शेवटचे वाक्य मात्र तिच्या मागून येणाऱ्या शेकडो स्त्रियांनी स्वतःच्या गळ्यातून म्हटले. तिने काय केले होते हे त्यांना ठाऊक होते. तरी जुन्या पाठाने तिला त्या भाल्यापुढे उभी ठेवली आणि पुढची ओळ म्हटली नाही.